वाचायची परवानगी

गंगाधर सरांच्या खांद्यावर शाल मी घातली. हे आधीच सांगून टाकते, कारण आता जो तो 'तुम्ही तरी काय करणार होतात, नलूताई' म्हणून माझी समजूत काढायला येतो, आणि मला ते ऐकवत नाही. शाल मी घातली, नारळ मी दिला, आणि लॅपटॉपवर कुठलं बटण दाबायचं तेही मीच बोट लावून दाखवलं.

भोरमध्ये आमचं बायकांसाठी सल्ला केंद्र आहे. मी तिथं अकरा वर्षं काम करते. वेल्ह्याकडून, भाटघर धरणाच्या वरच्या अंगाच्या गावांतून एखादी बाई एसटीनं येते, बाकावर बसते, तांब्याभर पाणी पिते आणि पहिला अर्धा तास तोंडातून शब्द काढत नाही. मग हळूहळू सांगते. आम्ही लिहून घेतो, दवाखान्यात नेतो, पोलिसांत जायचं असलं तर सोबत जातो. आणि जिला घरी परत पाठवणं म्हणजे सरळ मरायला पाठवणं आहे, तिची कुठंतरी लांब सोय लावतो. ती कुठं आहे हे फुटलं, की आमच्या साऱ्या कामाची माती होते.

पूर्वी हे पत्ते एका जाड रजिस्टरमध्ये असायचे. रजिस्टर लोखंडी कपाटात, कपाटाला कुलूप, आणि कुलपाची किल्ली खिडकीजवळच्या खिळ्याला. का, तर ऐन वेळी शोधाशोध नको. झाडायला येणाऱ्या साळूबाईपासून पाण्याचे जार टाकणाऱ्या माणसापर्यंत सगळ्यांना तो खिळा पाठ होता. दहा वर्षं असंच चाललं, आणि दहा वर्षांत एकदाही काही झालं नाही, म्हणून कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

गेल्या वर्षी जानेवारीत अश्विनी आली. पालीची, राजगडाच्या पायथ्याची. तिचा नवरा सोमनाथ गडावर येणाऱ्या लोकांना पिठलं-भाकरी जेवू घालायचा. फार गोड बोलणारा माणूस. पुण्याची पोरं-पोरी त्याच्या गळ्यात गळा घालून फोटो काढून घेत. ज्या हातानं त्या भाकरी थापल्या जात, तो हात त्यानं दोनदा मोडला होता. तिसऱ्यांदा मोडायच्या आत ती पळाली.

तिची सोय मी सासवडच्या पुढं एका रोपवाटिकेत लावली. तिथं चंद्राबाई म्हणून आमच्या ओळखीची बाई रोपांचं काम बघायची, तिच्याच शेजारची खोली मिळाली. सगळं ठरलं, आणि मी रजिस्टर उघडलं, तशी अश्विनी बाकावरून उठून दाराशी गेली.

"लिवू नका मॅडम," ती म्हणाली. "लिवलं की कुनीतरी वाचतंयच."

"अगं, कुलपात असतं."

तिनं खिळ्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं, पण मला भर दुपारी लाज वाटली.

माझी भाची मिताली पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. रविवारी भोरला आली तेव्हा तिला म्हटलं, मला अशी जागा दे की जिथं लिहिलेलं माझ्याशिवाय कुणाला वाचता येणार नाही. ती दिवसभर माझ्या लॅपटॉपवर बसली. काय केलं ते तिनं मला तीनदा समजावलं, तिसऱ्यांदा मला समजलं. आपण पत्ता लिहायचा. तो इंटरनेटवरून एका मोठ्या कंपनीच्या यंत्रात जातो, तिथं आपल्या नावाची एक चावी असते, तिनं त्या पत्त्याचा पार चुरा होतो, आणि तो चुराच आपल्याकडं परत येतो. आपल्या तक्त्यात राहतो तो चुरा. चावी तिकडंच राहते, ती कुणाच्या हातात येत नाही, माझ्याही नाही. वाचायचं असलं की तोच चुरा परत तिकडं पाठवायचा.

"सगळं रजिस्टरच टाकू का यात?" मी विचारलं.

"नाही गं आत्या. हे थोडक्या मजकुरासाठी आहे. पत्ता, फोन नंबर, कुणाच्या आसऱ्याला आहे त्याचं नाव. चार ओळी."

"चार ओळीच तर आहेत."

मग तिनं परवानग्यांचं सांगितलं. आमच्या केंद्रातल्या कुणालाही नवीन पत्ता आत टाकता येईल, पण वाचता येणार नाही. टपालपेटीसारखं. पत्र कुणीही टाकावं, काढायचं फक्त पोस्टमननं. वाचायची परवानगी एकट्या मला. शिवाय कुणी कधी काय वाचलं त्याची वेळेसकट नोंद राहणार, आणि ती कुणाला खोडता येणार नाही. "वाचायची परवानगी दुसऱ्या कुणालाही द्यायची नाही," ती जाताना परत म्हणाली. "अगदी मलाही नको."

पहिली खरी नोंद अश्विनीची. तिला शेजारी बसवून केली. तिच्यादेखत पत्ता टाइप केला, बटण दाबलं, अक्षरांचा चुरा झाला. तिनं तो चुरा दोन-तीनदा निरखून बघितला, आणि तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा सैलपणा दिसला. मी तिला म्हटलं, हे उघडायची मुभा फक्त मला. ती पिशवी उचलून सासवडला गेली.

आता गंगाधर सर. ते आमचे अध्यक्ष. उभी हयात शाळेत गेली, त्यातली निम्मी वेल्ह्याच्या बाजूला. तालुक्यातला दर तिसरा पुरुष त्यांचा विद्यार्थी, आणि एकदा विद्यार्थी म्हटला की तो वाईट असूच शकत नाही असा त्यांचा समज. माणूस लबाड नाही. हे मला आजही म्हणावं लागतं, आणि त्याचाच मला जास्त संताप येतो. लबाड असते तर दोन शिव्या घालून मोकळी झाले असते.

मार्चच्या मीटिंगला मी ही नवी सोय सगळ्यांना समजावून सांगितली. मला वाटलं, कौतुक होईल. चहा आला, सरांनी कप बाजूला सरकवला. मग हळूच म्हणाले, "म्हणजे आत काय आहे ते अध्यक्षाला दिसत नाही. छान." एवढंच. पण त्या 'छान'नं सगळ्यांचे चेहरे उतरले. पुढच्या दोन मीटिंगांना सर आले नाहीत. पाय दुखतो असा निरोप यायचा. पाय दुखणारा माणूस रोज सकाळी नदीपर्यंत फिरायला जाताना मला दिसायचा.

आमच्याकडं मानाचं फार. लग्नात फेटा आधी कुणाला बांधला यावरून सख्खे भाऊ चार-चार वर्षं बोलत नाहीत. देवळाचा कळस असो, नाही तर गल्लीतला नळ, पहिला हात कुणाचा हे ठरल्याशिवाय काम सुरू होत नाही. कमिटीतले लोक माझ्याकडं यायला लागले. सर रुसलेत. संस्था त्यांनी काढली. त्यांच्या नावावर चालते. वर्धापनदिन आलाच आहे, तेव्हा हे उघडायचा मान त्यांना देऊन टाका, म्हणजे त्यांचंही मन राहील.

मी मितालीला फोन केला. ती म्हणाली, "आत्या, हवं तर त्यांना आत टाकायची परवानगी दे."

"ती तर साळूबाईलाही देता येते. तेवढ्यावर सरांचा सत्कार कसा करणार?"

"मग सत्कार दुसऱ्या कशाचा तरी कर," ती म्हणाली आणि मीटिंग आहे म्हणून तिनं फोन ठेवला.

परवानगी कशी द्यायची ते तिनं मला शिकवून ठेवलेलं होतं, मी आजारी पडले तर म्हणून. तीन ठिकाणी क्लिक करायचं. सरांचा ईमेल लिहिला आणि केलं. मितालीला सांगितलं नाही. अश्विनीला तर नाहीच सांगितलं. तिला कशाला उगाच काळजी, असं मी मनाशी म्हटलं. खोटं कशाला बोलू, तिला सांगायचं धाडस नव्हतं.

वर्धापनदिनाला लॅपटॉपला झेंडूचा हार घातला होता. झाकणावर हळदकुंकू वाहिलं. मितालीनं सुरुवातीलाच तपासायला एक खोटी नोंद करून ठेवली होती, नाव गेनू, पत्ता 'चाचणी'. सरांनी बटण दाबलं, चुऱ्याची अक्षरं झाली, आणि शे-दीडशे लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांचे डोळे भरून आले. माइक हातात घेऊन म्हणाले, "या भगिनींचा विश्वास आज माझ्या स्वाधीन झाला." मीही टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी मला खरंच वाटलं होतं की मी फार शहाणपणानं भांडण मिटवलं.

दोन महिन्यांनी, गुरुवारी सकाळी चंद्राबाईंचा फोन आला.

"मॅडम, पोरीला न्हेली की तुमच्या मानसांनी."

"कुणी नेली?"

"तिचा नवरा आन सासरा. जीप घिऊन आल्ते. म्या दारात आडवी झाले, पन त्यांच्याकडं तुमचं पत्र व्हतं. शिक्क्याचं. नातीकडनं वाचून घेतलं म्या. संस्थेनं दोनी बाजूंचा इचार करून नांदायला धाडायचं ठरवलंय, असं लिवलेलं. तुमचंच पत्र म्हनल्यावर म्या कशी आडवायची?"

"अश्विनी काय म्हणाली?"

"काय न्हाई. तिनं बी त्ये पत्र वाचलं. मंग आत गेली आन पिशवी भरली."

मी लॅपटॉप उघडून नोंदी बघितल्या. मंगळवार, सकाळचे अकरा बेचाळीस. सरांचा ईमेल. एकच नोंद उघडलेली, अश्विनीची. बाकीच्या बायकांच्या नोंदींना हातसुद्धा लावला नव्हता. खाली जाऊन बघितलं, आणखी काही आहे का, कुणी चोरून घुसलंय का. काही नव्हतं.

मितालीला फोन लावला. "तुझं ते कुलूप कुणी फोडलं का बघ," मी म्हटलं.

ती पाच मिनिटांत बघून बोलली. "आत्या, काहीच फुटलेलं नाही. ज्याला परवानगी होती त्यानं वाचलंय. पण या माणसाला परवानगी दिली कुणी?"

मी रेंज नाही म्हणाले आणि फोन कट केला.

त्या नोंदीची प्रिंट काढून मी सरांच्या घरी गेले. सर पेपर वाचत पोहे खात होते.

"या नलूताई. पोहे घेणार?"

"अश्विनीचा पत्ता सोमनाथला तुम्ही दिलात?"

"दिला की. सोबत संस्थेचं पत्रही दिलं." चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नाही. "मंगळवारी आला होता. माझे पाय धरून रडला हो. सातवीत माझ्या वर्गात होता. पाठांतर काय सुंदर होतं त्याचं."

"त्यानं तिचा हात दोनदा मोडलाय."

"कबूल केलं त्यानं. कबूल करायला छाती लागते. दारू सोडली म्हणतो, मी माझ्यासमोर शपथ घ्यायला लावली. आपलं काम घरं जोडायचं आहे की मोडायचं?"

"आपलं काम ती कुठं आहे ते न सांगायचं आहे."

"मी काय चोरून बघितलं का? अध्यक्ष म्हणून मला अधिकार आहे. तुम्हीच दिलात. चांगला समारंभ करून दिलात."

मी प्रिंट त्यांच्यापुढं टाकली. त्यांनी चष्मा लावून ती नीट वाचली, आणि त्यांना चक्क बरं वाटलं. "वेळेसकट नोंद आहे," ते म्हणाले. "याला म्हणतात पारदर्शक कारभार. आपण लपवलं काय?"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या माणसाला ओरडून सांगावंसं वाटलं की तुम्हाला अक्कल नाही. सांगितलं नाही. अकरा वर्षं त्यांना अहो-जाहो करायची सवय झालेली जीभ, ऐन वेळेला वळलीच नाही. घरी येऊन त्यांची परवानगी काढून टाकली. तीन क्लिक.

पोलिसांत फोन केला. बाईनं स्वतः येऊन तक्रार द्यायला हवी म्हणाले. पालीला गेले. सासरा ज्ञानू उंबऱ्यातच बसलेला होता. उठला नाही, वाट दिली नाही. "शनवारी सरांफुडं बसायचं ठरलंय," म्हणाला. "तवा काय त्ये बोला." आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मी दोनदा हाक मारली. आवाज थांबला आणि परत सुरू झाला.

शनिवारी केंद्रात समेटाची बैठक. सरांनी स्वतःच्या अक्षरात कागद लिहून आणला होता. अश्विनी नवी कोरी साडी नेसून आलेली, दोन्ही हातांत कोपरापर्यंत बांगड्या. सोमनाथनं आल्या आल्या सगळ्यांच्या पाया पडायला सुरुवात केली. माझ्यापर्यंत आला तेव्हा मी पाय मागं घेतले. सर माझ्याकडं बघून नाराजीनं मान हलवत होते.

सर कागद वाचायला लागले. पतीने पत्नीस सन्मानाने वागवावे, पत्नीने झाले गेले विसरावे. अश्विनीनं पाणी मागितलं. मी तिला मागच्या खोलीत फिल्टरपाशी नेलं आणि दार लोटून घेतलं.

"सही करू नकोस," मी म्हटलं. "एक शब्द बोल फक्त. मी आत्ता पोलिसांना बोलावते."

तिनं ग्लास भरून घेतला. "पत्र तुमी धाडलं न्हवतं का?"

"नाही. सरांनी."

"मला वाटलं तुमीच ठरीवलं आसंल. म्हनून गेले म्या. न्हाईतर चंद्राबाईनं मला मागच्या दारानं काडलं आसतं." ती एक घोट प्याली. "पन सरांना कसं कळलं म्या कुठं हाय? तुमी तर म्हनला व्हता, तुमच्याबिगर कुनाला उगडत न्हाई."

"मी त्यांना वाचायची परवानगी दिली."

"का?"

अकरा वर्षं मी या बायकांशी बोलते. काय विचारायचं, काय नाही, कुठं थांबायचं, सगळं येतं मला. मीटिंग, मान, वर्धापनदिन, सगळं डोक्यात आलं आणि त्यातलं काहीही त्या मोडलेल्या हातासमोर मांडता येईना.

"त्यांना वाईट वाटलं होतं," मी म्हणाले.

ती चिडली असती, चार शब्द बोलली असती, तोंडात मारली असती तरी मला चाललं असतं. "बरं," ती म्हणाली.

"अश्विनी, ऐक. अजून वेळ गेलेली नाही. मी तुला दुसरीकडं ठेवते."

"कुठं?"

"बघते. शोधते. या खेपेला लिहिणार नाही कुठंच, माझ्या डोक्यात ठेवीन."

"सरांना परत वाईट वाटलं म्हंजी?" तिनं शांतपणे विचारलं. टोमणा नव्हता तो, खरंच विचारत होती. तिनं ग्लास विसळून पालथा ठेवला.

"चला भाईर," ती म्हणाली. "मामंजी घड्याळ बघाय लागल्यात. आज शनवार हाय, चार वाजता पुन्याचं चाळीस मानूस जेवायला यायचंय. मला उशीर झाला तर त्यो राग तुमच्यावर न्हाई निघायचा. काय सह्या करायच्या त्या करून टाका बिगीबिगी."

बाहेर आलो. अश्विनीनं खुर्चीवर न बसता उभ्यानंच सही केली, सावकाश, एकेक अक्षर काढून. सोमनाथनं केली. ज्ञानूनं अंगठा दिला. सरांनी अध्यक्ष म्हणून झोकात सही केली, शिक्का मारला, आणि साक्षीदाराच्या जागेवर बोट ठेवून पेन माझ्याकडं सरकवलं.

"नलूताई, तुमच्याशिवाय हे पूर्ण कसं व्हायचं?"

मी पेन हातात धरून बसले. सोमनाथ हसून म्हणाला, काय घाई न्हाई मॅडम, सावकाश वाचा. अश्विनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होती. साडेबारा होऊन गेले होते आणि पालीला पोचायला दोन तास लागतात.

मी सही केली.